मुलांनी कोणता खेळ निवडावा?

(चोपडा तालुक्यातील शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेळाडू विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, महाविद्यालये चांगल्या खेळाडूंच्या शोधात असतात, आणि राज्य शासनाच्या सेवेत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यामुळे ‘कोणत्या खेळात प्रमाणपत्र लवकर मिळेल?’ असा प्रश्न मूल पाचवी-सहावीत असतानाच विचारला जातो. केळीच्या बागेत राबणाऱ्या बापाने मुलाच्या भवितव्याचा हिशेब करावा, यात वावगे काही नाही. मात्र तो हिशेब उलट्या टोकाकडून मांडला जातो.

फारसा कोणी खेळत नाही असा खेळ निवडावा म्हणजे स्पर्धक थोडे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु राखीव जागेचा लाभ मान्यताप्राप्त संघटनेच्या, विहित दर्जाच्या स्पर्धेतील कामगिरीलाच मिळतो, व विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून तिची पडताळणी होते. खेळच पात्र नसेल, तर वर्षानुवर्षांची मेहनत तेथेच संपते. स्पर्धेचे शुल्क भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. तिला पैसा पडत नाही.

कोवळ्या वयात पाहावयाचे ते शरीरगुण. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी मुले निवडतानाही ३० मीटर व ८०० मीटर धावणे, उभ्याने लांब उडी, चेंडूफेक, शरीराची लवचिकता अशा चाचण्या घेतल्या जातात. त्यांतील बहुतेक चाचण्या लासूर वा अडावदच्या शाळेतही टेप, घड्याळ आणि चुन्याची रेघ एवढ्यावर घेता येतील. ज्या मुलीची ८०० मीटरमध्ये दमछाक होत नाही, तिला केवळ संघात जागा रिकामी आहे म्हणून कबड्डीत उभे करणे हा तिच्यावर अन्यायच होय.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी गावच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर धावण्याचे कांस्यपदक, आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. धावण्याला महाग साहित्य लागत नाही. लागतो तो जाणता मार्गदर्शक, आणि तो त्यांना नाशिकला लाभला. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या आश्रमशाळांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

घाईचेही कारण नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धांत साधारणतः पंचविशीपर्यंत खेळता येते. अकराव्या वर्षी एकाच खेळाला जुंपलेले मूल पुष्कळदा तोवर दुखापतीने वा कंटाळ्याने मैदान सोडून गेलेले असते.

महाविद्यालयांनीही सिद्ध खेळाडूची वाट पाहत बसू नये. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाऊ शकले, ते ज्या राजाराम महाविद्यालयात शिकले तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले म्हणून. खाशाबांनी कुस्तीचे कांस्यपदक आणले.

येथे कोणी घर गहाण ठेवावयाचे नाही. पंचायतीने शाळेचे मैदान मोजून, अतिक्रमण काढून २०० मीटरची धावपट्टी आखून द्यावी, शिक्षकांनी वर्षातून दोनदा चाचण्या घेऊन नोंदवही ठेवावी, आणि मूल दहावी होऊन चोपड्याच्या महाविद्यालयात जाईल तेव्हा त्या वहीची नक्कल त्याच्या दाखल्याबरोबर जावी.