सर्व्हर कुठं गेलाय?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या मंडपात दरवर्षी कीर्तन होतं, डॉक्टरांचं एखादं व्याख्यान होतं. यंदा कार्यकारिणीनं आम्हाला ‘क्लाऊड’वर बोलायला सांगितलं, पोरांच्या नोकऱ्या त्यात आहेत म्हणे. आमचं शिक्षण डिप्लोमापर्यंतचं, नोकरी राज्य सरकारची, आणि बसायची जागा खिडकीच्या आतल्या बाजूला. तेव्हा नोकऱ्यांचं पोरांना विचारा. त्या खिडकीतून जेवढं दिसलं तेवढंच आम्ही सांगणार आहोत.

एका सोमवारी मंठाळकडचे एक आजोबा पहाणी काढायला आले. आम्ही नेहमीच्या सवयीनं म्हणालो, ‘‘सर्व्हर इल्ला री, आज सर्व्हर नाही.’’ आजोबांनी धोतराचा सोगा सावरला आणि शांतपणे विचारलं, ‘‘कुठं गेलाय? कधी येणार?’’ जसा काही एखादा साहेब दौऱ्यावर गेलाय. खोलीतले सगळे हसले. पण नंतर चहा घेताना आमच्या लक्षात आलं की प्रश्न रास्त होता. त्यांच्या जमिनीची नोंद आहे कुठं, ती सांभाळतंय कोण, हे त्यांना कुणीच कधी सांगितलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही तेव्हा ते धड सांगता आलं नसतं.

पूर्वी उत्तर सोपं होतं. नोंद तलाठ्याच्या दप्तरात. तलाठी गावात, दप्तर त्याच्या बगलेत. त्यातली दुखणी तुम्हाला ठाऊक आहेतच, ती उगाळत बसत नाही. मग 2000 च्या आसपास कर्नाटकात ‘भूमी’ योजना आली. सुमारे 67 लाख खातेदारांच्या दोन कोटी नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या गेल्या, हातानं लिहिलेली पहाणी बाद झाली आणि तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांत छापील पहाणी मिळू लागली. नोंदीला हात लावायचा तर कर्मचाऱ्याला आधी बोटाचा ठसा द्यावा लागे. देशभरातून लोक हे बघायला कर्नाटकात आले. तेव्हा प्रत्येक तालुक्याचा सर्व्हर तालुक्याच्याच कचेरीत, कुलपाच्या खोलीत असायचा. वीज गेली, यूपीएस बसला, उंदरानं वायर कुरतडली, की तालुका बंद.

पुढे सगळ्या तालुक्यांचा डेटा बेंगळुरूला राज्याच्या डेटा सेंटरात एकत्र झाला. होबळीच्या गावी नेम्मदी केंद्रं आली आणि 2012 साली त्यांच्या जागी अटलजी जनस्नेही केंद्रं, म्हणजे आपली नाडकचेरी. नेम्मदी म्हणजे कन्नडमध्ये निवांतपणा. नाव ठेवणाऱ्यानं आमच्या खिडकीवरची सोमवारची रांग पाहिली नसावी.

तर आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर असं: सर्व्हर कुठंच गेलेला नसतो. तो बेंगळुरूत थंडगार खोलीत चालू असतो. त्याच्यापर्यंत जाणारी वाट तुटलेली असते. कधी रस्ता रुंद करताना जेसीबीनं केबल तोडलेली असते, कधी आमच्याकडचीच वीज गेलेली असते. कधी दारात इतकी गर्दी होते की खऱ्या माणसाला आत शिरता येत नाही. 2025 च्या सुरुवातीला दस्त नोंदणीच्या ‘कावेरी 2.0’वर तेच झालं. कुणीतरी खोट्या मागण्यांचा लोंढा सोडला आणि राज्यभर खरेदीखतं खोळंबली.

आता कंपन्या, बँका, दुकानं एक पाऊल पुढं गेली आहेत. त्यांतली बरीच स्वतःचा सर्व्हर ठेवत नाहीत. ॲमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट यांच्याकडून भाड्यानं घेतात, आणि त्यात एक प्रकार असा असतो की नुसती जागाच नाही, डेटाबेस सांभाळायचं कामही त्यांच्याकडेच. आपल्या भाषेत सांगायचं तर हा गावचा गुराखी. सकाळी दावं सोडून जनावर त्याच्या हवाली केलं की पाणी, चारा, सावली त्यानं बघायची. बॅकअप तो घेतो, नवं सॉफ्टवेअर तो घालतो, एक यंत्र मेलं तर दुसरं यंत्र तयार ठेवतो. महिन्याला राखणावळ द्यायची. हे गुराखी आता फार लांबही नाहीत. ॲमेझॉननं 2016 मध्ये मुंबईत आणि 2022 मध्ये हैदराबादेत आपली केंद्रं उघडली. आपल्याकडची पोरं शिकायला, नोकरीला हैदराबादला जातात, त्यांतली काही याच कामात आहेत.

भूमीचा डेटा राज्याच्या स्वतःच्या केंद्रात आहे, या कंपन्यांकडे नाही, हे स्पष्ट केलेलं बरं. नाहीतर उद्या गावात बोभाटा होईल की आमच्या जमिनी अमेरिकेला दिल्या. पण खिडकीवरच्या आमच्यासारख्यांचा अनुभव सारखाच. वही दुसरीकडे, राखणारा दुसरा, आणि शिव्या खाणारे आम्ही.

गुराखी चांगला आहे, हे आधी कबूल करतो. तालुक्याच्या खोलीतल्या यंत्राशी ज्यांनी झुंज दिली त्यांना विचारा, कुणीही परत तिकडं जायला तयार होणार नाही. पण चांगल्या गुराख्याच्याही हातून चूक होते. 20 ऑक्टोबर 2025, दिवाळीचे दिवस. दुपारी बारानंतर जगभरातली कितीतरी ॲप्स एकाएकी गप्प झाली. ॲमेझॉनचा ‘डायनॅमोडीबी’ नावाचा डेटाबेस आहे, त्याच्या अमेरिकेतल्या एका केंद्रात हा घोटाळा झाला होता. डेटा शाबूत होता, यंत्रं चालू होती. पत्ते आपोआप लिहिणाऱ्या दोन प्रोग्रॅमची आपसात गफलत झाली आणि त्या डेटाबेसचा पत्ताच कोरा झाला. घर जागेवर, पण पोस्टमनच्या वहीत घर नंबर नाही. पत्ता काही तासांत परत लिहिला गेला, तरी मागची सगळी गुंतवळ सुटायला आपल्याकडची मध्यरात्र उलटून गेली.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली, मे 2024 ची. ‘युनिसुपर’ नावाचा पेन्शन फंड, सहा लाखांवर सभासद. त्यांचा कारभार गुगलच्या क्लाऊडवर. तिथं सेवा सुरू करताना गुगलकडच्या माणसानं एक रकाना कोरा सोडला. यंत्रानं त्याचा अर्थ घेतला की मुदत एक वर्षाची. वर्ष भरल्यावर यंत्रानं ती सेवा पुसून टाकली, मूळही आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली जोडप्रतही. फंड वाचला तो बॅकअपमुळे: त्यांनी आणखी एक बॅकअप वेगळ्याच कंपनीकडेही ठेवला होता. तरीही आठवडाभर सभासदांना आपलं खातं दिसत नव्हतं. आमच्यासारख्या कारकुनी जिवाला ‘एक रकाना कोरा राहिला’ हे वाक्य वाचून त्या रात्री झोप लागली नाही.

पण या झाल्या मोठ्या गोष्टी. बातम्या होतात, इंजिनियर धावतात, काही दिवसांत सुरळीत होतं. ज्याची बातमी होत नाही ते सांगायला आम्ही आज उभे आहोत.

ॲमेझॉनच्या त्या सांभाळलेल्या डेटाबेसात एक सोय आहे. आज काही बिघडलं तर मागच्या 35 दिवसांतल्या कुठल्याही घटकेला डेटा जसा होता तसा परत आणता येतो. फार मोलाची सोय आहे. आता विचार करा, चूक 36 दिवसांपूर्वीची असेल तर? मग ती चूकही तितक्याच काळजीनं जपली जाते. तिचीही रोज प्रत निघते, तिचाही जोडीदार दुसऱ्या यंत्रावर तयार असतो. लंगडी गाय सोपवली तर गुराखी संध्याकाळी लंगडी गायच परत आणून बांधणार. ती मुळात धड होती, हे त्याला कसं कळावं?

आणि आपल्या भागातल्या चुका 36 दिवसांच्या नाहीत. पंचवीस, पन्नास, सत्तर वर्षांच्या आहेत. निजामाच्या राज्यात दप्तर उर्दूत. 1954-55 ची खासरा पहाणी कुणाच्या घरी उर्दूत, कुणाच्या घरी मराठीत. 1956 ला आपण म्हैसूर राज्यात आलो, मग दप्तर कन्नडात. आणि आधारकार्डावर इंग्रजी. मंठाळचंच घ्या. गावाचं नाव इंग्रजीत जाऊन परत मराठीत आलं की कुठं मंथाल होतं, कुठं मंताळ, कुठं मंटाळा. गावाची ही गत, तर माणसाची काय?

एका शेतकऱ्याचं उदाहरण सांगतो. त्यांना माणिकराव म्हणू. खरं नाव ते नाही, घोटाळा मात्र हाच. आधारवर ‘माणिकराव काशिनाथ पाटील’. पहाणीवर ‘माणिकप्पा तंदे काशप्पा’. तंदे म्हणजे वडील. आडनावाचा पत्ताच नाही. यात लबाडी कुणाचीच नव्हती. आपल्याकडे घरात ‘राव’ म्हणतात, गावात ‘अप्पा’ म्हणतात, दोन्ही मानाचंच. ज्यानं कन्नडात उतरवलं त्यानं गावात ऐकलं तसं लिहिलं. पुढे कॉम्प्युटरवर चढवताना कागदावर होतं तसंच चढवलं, आणि तसंच चढवायचं असतं. पण माणसाला जे एक नाव वाटतं ते यंत्राला दोन माणसं वाटतात. पूर्वी तलाठी चेहऱ्यानं ओळखायचा, म्हणून हे कधी नडलं नाही. आता पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार, फ्रूट्सचा शेतकरी क्रमांक, पीक कर्ज, अतिवृष्टीची मदत, सगळीकडे एक डेटाबेस दुसऱ्या डेटाबेसला विचारतो, ‘हा तोच का?’ आणि उत्तर येतं, ‘नाही.’

एका पावसाळ्यात त्यांची तूर पाण्यात गेली. शेजारच्या बांधावर मदत आली, त्यांना आली नाही. बँकेनंही कर्ज अडवलं. खतासाठी त्यांनी शेकडा तीननं पैसे उचलले.

आता आमची कबुली. हे गृहस्थ त्याआधी सात-आठ वर्षांपूर्वी, आम्ही तेव्हा जिथं होतो त्या खिडकीवर आले होते. पहाणीचा कागद पुढं करून म्हणाले होते, ‘‘साहेब, यात आमचं आडनाव नाही, अन् नावही जरा वेगळं दिसतंय.’’ रांग मोठी होती. आम्ही म्हणालो, ‘‘चालतंय हो मामा, तेच नाव आहे.’’ आणि पुढच्याला हाक मारली. त्या दिवशी सर्व्हर चालू होता, केबल शाबूत होती, यंत्रात काहीही बिघाड नव्हता.

दुरुस्ती झाली, पण अकरा महिने लागले. अर्जाला पुरावा हवा होता. त्यांच्या आईनं माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. त्यात लाल फडक्यात बांधलेली वडिलांच्या वेळची खासरा पहाणी निघाली, उर्दूत. घरात वाचणारं कुणी नाही, कचेरीत वाचणारं कुणी नाही. शेवटी एका निवृत्त उर्दू मास्तरांनी वाचून दाखवली: काशिनाथ, आडनावासकट, सर्वे नंबर, चार एकर बारा गुंठे. म्हणजे त्या पेटीतला कागद हाच त्यांचा तिसरा बॅकअप होता, युनिसुपरसारखा, वेगळ्या ठिकाणी ठेवलेला. फरक इतकाच की तो वाचता येणारी माणसं दरवर्षी कमी होतायत.

सरकार या बाबतीत हालचाल करतंय, हेही सांगितलं पाहिजे. ‘भूसुरक्षा’मध्ये तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधले जुने कागद स्कॅन होतायत. 2024 पासून पहाणीला आधार जोडण्याची मोहीम झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्याचं पौती खात्याचं काम चालू आहे. पलीकडे उमरग्याला ज्याला फौती म्हणतात तेच आपल्याकडे पौती, शब्दसुद्धा सीमा ओलांडताना थोडा बदलतो. पण स्कॅन म्हणजे फोटो. त्या फोटोत काय लिहिलंय आणि ते तुमच्या आजोबांचंच नाव का, हे घरच्या माणसानंच सांगायचं असतं.

आपल्या मंडळाचंही एक सांगतो, अध्यक्ष रागावणार नाहीत. वर्गणीची यादी तीन वर्षं एका मुलाच्या खात्यावर क्लाऊडवर होती. मुलगा पुण्याला गेला, फोन बदलला, पासवर्ड विसरला. यादी अजूनही तिथं अगदी सुरक्षित आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. यंदाची पावती पुस्तकं म्हणूनच परत छापील आहेत.

तर काम असं आहे. विसर्जनाच्या आदल्या दिवशी दुपारी तीनपासून आम्ही याच मंडपात टेबल टाकून बसणार आहोत. पहाणीची ताजी प्रत, आधारकार्ड आणि घरात जो काही जुना कागद असेल तो घेऊन या, फाटका असला तरी चालेल. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांना रिक्षानं आणा. कागदापेक्षा त्यांना जास्त आठवतं. नावं जुळवून बघू, फरक असेल तिथं अर्ज लिहून देऊ. उर्दू वाचायला मास्तर येणार आहेत. मोडी वाचणारं मात्र अजून कुणी मिळालेलं नाही. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर आजच्या आरतीआधी आम्हाला येऊन सांगा.