आपला दिवस आपल्या हाती



रायगडाच्या वाटेवरचे हे नाते गाव. १८९६ साली चिंतामणराव देशमुखांचा जन्म येथे झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या पुरुषाच्या जन्मगावी बोलावयाचे, तर विषयही तसाच भारदस्त हवा, असे कोणास वाटेल. माझा विषय मात्र अगदी घरगुती आहे. सकाळी अंथरुणातून उठणे, न्हाणीपर्यंत जाणे, अंगात सदरा घालणे आणि आपल्या हाताने चार घास खाणे, हा तो विषय. ज्याला हे सहज जमते त्याला त्याची किंमत कळत नाही. ज्याचा एक हात पक्षाघाताने लुळा पडला, ज्याची बोटे संधिवाताने आखडली, त्याला विचारा. सारा दिवस म्हणजे एकामागून एक डोंगर चढणे असे तो सांगेल.

आपण रोग्याचे दोनच प्रकार मानतो. एक बरा होणारा आणि दुसरा न वाचणारा. परंतु या दोहोंच्या मध्ये एक फार मोठा वर्ग आहे. मधुमेह, दमा, संधिवात, कंपवात, पक्षाघातानंतरचे अपंगत्व यांनी माणूस लगेच मरत नाही आणि पुरता बराही होत नाही. त्याला त्या दुखण्यासह दहा-वीस वर्षे काढावयाची असतात. औषधाने दुखणे आटोक्यात राहील. पण दिवस कसा काढावयाचा, हे औषधाच्या बाटलीवर लिहिलेले नसते. ते शिकविणारे शास्त्र म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात. या शब्दाने थोडा घोटाळा होतो. व्यवसाय म्हटले की आपल्याला दुकान किंवा नोकरी आठवते. येथे मात्र माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरलेला असतो, ती सर्व कामे व्यवसायात येतात. आजीबाईंची फुलवात हा व्यवसाय आहे आणि आजोबांचे दाढी करणे हाही व्यवसायच आहे.

हे शास्त्र फार जुने नाही. अमेरिकेत जॉर्ज बार्टन नावाचे एक वास्तुविशारद होते. क्षयाने त्यांना ग्रासले आणि पुढे डाव्या अंगातली शक्तीही गेली. बागकाम आणि सुतारकाम करीत ते सावरले. १९१७ साली त्यांनी काही समविचारी मंडळींसह या विषयाची पहिली संस्था स्थापन केली. आपल्याकडे हे रोप आणले ते कमलाबाई निंबकरांनी. त्या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. विष्णुपंत निंबकरांशी विवाह करून त्या इकडच्या झाल्या. मध्यंतरी मायदेशी जाऊन त्यांनी हे शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे विद्यालय सुरू केले. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. १९५८ साली नागपुरासही असे विद्यालय निघाले. म्हणजे या विद्येचे भारतातले माहेर आपला महाराष्ट्र आहे, आणि तरीही आपल्या घरांतून तिचे नाव क्वचितच ऐकू येते.

आता तिची रीत पाहू. उपचारक प्रथम विचारतो, “तुम्हाला कोणते काम पुन्हा स्वतः करावेसे वाटते?” मग त्या कामाचे तुकडे पाडतो आणि नेमका कोणता तुकडा अडतो ते शोधतो. सदरा घालता येत नाही, असे आपण सरसकट म्हणतो. वस्तुतः अडचण पहिल्या बाहीशीच असते. लुळा हात आधी बाहीत घालावा, चांगला मागून. काढताना चांगला आधी, लुळा शेवटी. एवढा क्रम साधला की पुष्कळ लोक आपला सदरा आपण घालतात. काठीचेही तसेच. पाय उजवा दुखत असेल तर आपण काठी उजव्या हातात धरतो. ती डाव्या हातात हवी, म्हणजे दुखऱ्या पायावरचा भार हलका होतो. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा आधी.

संधिवाताच्या बाईने भरलेले पातेले बोटांच्या चिमटीत उचलू नये. दोन्ही तळव्यांवर तोलावे. पिशवी बोटांत न अडकवता कोपरापाशी घ्यावी. चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड केला की न मिटणाऱ्या मुठीतही तो बसतो. दम्याच्या माणसाने उभ्याने करावयाची कामे बसून करावी आणि जोर लावताना श्वास कोंडू नये, सोडावा. कंपवाताच्या माणसाचे पाय उंबरठ्याशी आले की जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तेथे जमिनीवर ठळक पट्टा आखावा आणि तो ओलांडावयास सांगावे. किंवा एक-दोन, एक-दोन असा ताल धरावा. पुष्कळदा पाऊल सुटते. कुष्ठरोगावर आज खात्रीचे औषध आहे. पण हाताची गेलेली संवेदना परत येईलच असे नाही. अशा हाताने चुलीवरचे भांडे जाड फडक्यावाचून धरू नये. मधुमेहानेही पायाची जाणीव कमी होते, म्हणून तळवे रोज रात्री उजेडात पाहावे.

यात खर्चाचे असे काय आहे? आपल्या कोकणी घराची रचना एकदा या दृष्टीने पाहा. पडवीची उंच पायरी, दारोदारी उंबरठे, न्हाणीतली ओली फरशी, परसातले संडास आणि जून लागला की अंगणभर शेवाळ. निरोगी माणसालाही येथे जपून चालावे लागते. न्हाणीत पाटाऐवजी बेताच्या उंचीचे पक्के स्टूल ठेवले, बादली चौरंगावर घेतली, भिंतीला एक भक्कम दांडा बसविला आणि संडासच्या वाटेवरचे शेवाळ खरवडून काढले, तर कितीतरी पडणे-मोडणे टळेल. हे काम गावच्या सुताराचे आणि गवंड्याचे आहे. त्याला मुंबईचा तज्ज्ञ लागत नाही.

आता जरा नाजूक गोष्ट बोलते. आपल्या घरांत प्रेमाला तोटा नाही. मात्र आपले प्रेम बहुधा “तुम्ही बसा स्वस्थ, आम्ही करतो” या शब्दांत व्यक्त होते. सासूबाईंची बोटे दुखतात म्हणून सून त्यांच्या हातची विळी काढून घेते. हेतू चांगलाच असतो. पण जो हात वापरला जात नाही तो आखडतो, आणि ज्या बाईने चाळीस वर्षे घर चालविले तिला विळीबरोबर घरातले आपले स्थानही गेल्यासारखे वाटते. तिला उंच बसावयास देऊन जाड मुठीची सुरी द्या. भाजी चिरण्यास अर्धा तास अधिक लागेल, लागू द्या. सेवा करणाऱ्याने हात पुढे करावा हे खरे, पण तो केव्हा मागे घ्यावा हेही त्याला कळले पाहिजे.

याचा अर्थ रोग्याला वाऱ्यावर सोडावे असा कोणी घेऊ नये. ज्याला खरोखर जमत नाही त्याला भरवावे, पुसावे, उचलावे. स्वावलंबन हे आपल्या आळसाचे निमित्त होता कामा नये. ज्याला निम्मे जमते त्याला ते निम्मे करू द्यावे, एवढेच.

महाड-पोलादपूरच्या या भागात हा प्रश्न विशेष बोचतो. मुलगे मुंबई-पुण्यास आणि म्हातारी माणसे गावी, अशी किती घरे आपल्या ओळखीची आहेत! वडिलांना आपली आंघोळ आणि संडास आपण उरकता आले, तर ते आपल्या ओटीवर, आपल्या माणसांत राहतात. ते जमेनासे झाले की त्यांना एके दिवशी गाडीत घालून शहरातल्या दोन खोल्यांत न्यावे लागते. तेथे प्रेम असते, पण ओटी नसते. न्हाणीतला एक दांडा म्हातारपणाचे गाव ठरवू शकतो.

सरकारनेही या दिशेने पावले टाकली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवातासारखे जुनाट मज्जाविकारही आले. २०२१ च्या कायद्याने व्यवसायोपचारकांना इतर आरोग्यसेवकांबरोबर नियमबद्ध स्थान मिळाले. मोठ्या रुग्णालयात उपचारासाठी जाल तेव्हा हा विभाग आहे का, असे आवर्जून विचारा. आपले दुखणे व आपल्या घराची रचना, दोन्ही त्याला सांगा. मागणी नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी असा उपचारक येणार कसा?

आज घरी गेल्यावर एकच करा. घरात कोणी जुनाट दुखणेकरी असेल, तर त्याच्याजवळ बसून विचारा, “तुम्हाला कोणते काम पुन्हा आपल्या हाताने करावेसे वाटते?” उत्तर कदाचित लगेच येणार नाही. इतक्या दिवसांत त्याला ते कोणी विचारलेलेच नसेल. थोडे थांबा. जे उत्तर येईल तेथून उपचाराला प्रारंभ होतो.