पहिलटकरणीने विचारावयाचे प्रश्न

(वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बाळंतपणावर बोलणार, असे मी सांगितले तेव्हा दोघी-तिघींनी विचारले, "अगं, भर सभेत हा विषय कशाला?" त्यांचे म्हणणे मला समजते. आपल्याकडे डोहाळजेवण थाटात होते. ओटी भरतात, झोपाळ्यावर बसवतात, झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी ते बघतात. बारशालाही घर माणसांनी भरून जाते. या दोन समारंभांच्या मध्ये जो एक दिवस असतो, त्याविषयी मात्र पहिलटकरणीला कोणी फारसे काही सांगत नाही. "घाबरू नकोस, होईल सगळे नीट," एवढ्यावर आपण भागवतो. आज त्या एका दिवसाविषयी बोलावे असे मला वाटते.

येथे बसलेल्या आजीबाईंना सुईणीच्या हातची बाळंतपणे आठवत असतील. त्या पद्धतीत एक गोष्ट फार चांगली होती. कळा देणारी बाई एकटी नसे. उशाशी आई किंवा जाऊ असे, पाठ चोळायला कोणी असे, पाणी पाजायला कोणी असे. परंतु बाई अडली, रक्तस्राव थांबेना, मूल आडवे आले, की तेथे कोणाचेच काही चालत नसे. पावसाळ्यात हिरडस मावळातल्या एखाद्या वाडीवरून अडलेल्या बाईला डोलीत घालून सडकेपर्यंत आणायचे, म्हणजे वाटेतच दिवस संपावयाचा. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असे उगीच म्हणत नसत.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. त्यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. पुढे १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

आज ती स्थिती पुष्कळ पालटली आहे. महाराष्ट्रात २००४-०६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील शंभरापैकी जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. म्हणून आरंभीच सांगते, की दवाखान्यात जाऊ नका असे मी सांगणार नाही. दवाखान्यातच जा. पण जाताना आपण कोठे चाललो आहोत आणि तेथे काय होणार आहे, हे जिला जायचे आहे तिला आधी ठाऊक असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता खासगी रुग्णालयाकडे वळते. घरात चार पैसे असले, की पहिल्या बाळंतपणाला खासगीतच जायचे, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. स्वच्छ खोली मिळते, ओळखीच्या डॉक्टरीणबाई असतात, नातेवाइकांना बसायला जागा असते. यात गैर काही नाही. परंतु एक आकडा आपल्यापुढे ठेवते. त्याच पाहणीत आपल्या देशातील सरकारी दवाखान्यांत शंभरातील सुमारे चौदा बाळंतपणे सिझरने झालेली आढळली, तर खासगीत सत्तेचाळीस. म्हणजे खासगी दवाखान्यात गेलेली जवळजवळ दर दुसरी बाई टाके घेऊन घरी आली.

खासगीत अवघड म्हणून पाठवलेल्या बायका येतात, वय जास्त असलेल्या येतात, हे खरे. काही घरांतून तर मुहूर्त काढून "अमुक वेळेलाच मूल काढा" असा आग्रहही होतो. रात्रभर कळांची वाट पाहत बसण्यापेक्षा तासाभरात मोकळे होणे लहान रुग्णालयाला सोयीचे पडते, हेही खरे. पण एवढी सगळी कारणे धरली, तरी इतका फरक त्यांनी भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे, की एखाद्या समाजात सिझरचे प्रमाण शेकडा दहाच्या वर गेले, तर त्यामुळे माता व बालकांचे मृत्यू आणखी कमी होतात असे दिसत नाही. सिझर हे मोठे वरदान आहे. वार खाली आली असेल, मूल आडवे असेल, बाळाचे ठोके पडत असतील, तर त्याच्याइतका उपकार दुसरा नाही. पण ती पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि पहिल्या वेळच्या टाक्यांचा परिणाम पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर होतो, हे विसरता कामा नये.

माझी पहिली मुलगी अशीच एका खासगी रुग्णालयात झाली. रुग्णालयाचे नाव मी सांगत नाही. पाटी बदलली तरी गोष्ट फारशी बदलत नाही, असे मी पुष्कळ जणींकडून ऐकले आहे. रात्री दहाला उत्रोलीहून निघालो. कापूरव्होळच्या फाट्यापर्यंत मी बोलत होते, खेड-शिवापूर येईपर्यंत माझे बोलणे थांबले होते. दाखल होताना पहिला प्रश्न अनामत रकमेचा झाला. मग मंगळसूत्र आणि बांगड्या काढून रुमालात बांधून सासूबाईंच्या हाती दिल्या, आणि सासूबाई दाराबाहेर राहिल्या. त्यानंतर सकाळपर्यंत माझ्या ओळखीचा एकही चेहरा माझ्या दृष्टीस पडला नाही.

सलाईन लावली तेव्हा मी विचारले, "कशाची?" उत्तर मिळाले, "कळांची." तपासायला दर वेळी निराळे हात येत. पाणी मागितले तर "आता नाही" म्हणाले, उठून चालू का विचारले तर "पडून राहा" म्हणाले. कोणी वाईट बोलले नाही. परंतु सगळे बोलणे माझ्या डोक्यावरून, आपापसांत चालले होते. पहाटे एकाएकी धावपळ झाली. "ठोके कमी होताहेत," एवढे शब्द कानी पडले. यजमानांची कागदावर सही घेतली. मी शुद्धीवर होते, पण मला कोणी काही सांगितले नाही. थोड्याच वेळात मुलगी रडली. एका वयस्क परिचारिकेने तिचा गाल माझ्या गालाला लावला. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना विचारले, की हे कशासाठी करावे लागले? त्यांनी खुर्ची ओढली, ठोक्यांचा कागद उलगडला आणि बोट ठेवून दाखवले, की येथे ठोके खाली गेले, येथे परत यायला वेळ लागला, म्हणून थांबणे धोक्याचे होते. पाच मिनिटे लागली. माझी पूर्ण खात्री पटली. त्या शस्त्रक्रियेविषयी माझी तक्रार नाही. माझी मुलगी तिच्यामुळे आज अंगणात रांगते आहे. मला एवढेच वाटते, की त्या पाच मिनिटांतले एक मिनिट जर मला त्या पहाटे मिळाले असते, तर पुढचे कित्येक महिने रात्री दचकून उठण्याची पाळी माझ्यावर आली नसती.

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट ऐकावी लागली. "तुला काय, सिझर झाले, कळा कुठे काढल्यास?" भगिनींनो, हे बोलणे आपणच बायका बोलतो. रात्रभर कळा काढून वर पोटावर टाके घेतलेल्या बाईला ते कसे लागत असेल, याचा विचार व्हावा. मुलगी झाली म्हणून दवाखान्यातल्या आयाने "असू द्या, बर्फी तर बर्फी" म्हटले, तेही असेच.

यावर उपाय काय? कळा सुरू झाल्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. अडला हरी कोणाचे पाय धरतो, ते आपल्याला माहीत आहे. विचारायचे ते सातव्या महिन्यात, शांतपणे, तपासणीच्या वेळी विचारावे. मला पाच प्रश्न महत्त्वाचे वाटतात.

पहिला: रात्री-अपरात्री भूल देणारे डॉक्टर आणि बाळाचे डॉक्टर किती वेळात येतात, आणि रक्त लागले तर कोठून आणतात? चकचकीत फरशीपेक्षा या उत्तराची किंमत जास्त आहे.

दुसरा: माझ्याजवळ माझी एक बाई थांबू शकेल का? सरकारी दवाखान्यांत अशी सोबतीण असू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. सुईणीच्या काळातली ही चांगली चाल आता शास्त्रानेही मान्य केली आहे.

तिसरा: कळा सुरू झाल्यावर मला चालू द्याल का, पाणी पिऊ द्याल का, आणि किती वेळ वाट पाहाल? पहिलटकरणीला वेळ लागतोच. २०१८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींप्रमाणे पिशवीचे तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत खऱ्या जोराच्या कळांचा काळ धरत नाहीत, आणि त्यानंतरही पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. आई आणि बाळ ठीक असतील, तर केवळ घड्याळाकडे पाहून घाई करू नये, असे त्या सांगतात.

चौथा: कळांची सलाईन किंवा सिझर करण्याची वेळ आली, तर कारण मला सांगाल ना? नवऱ्याची सही घ्या, पण सांगावयाचे ते मला सांगा. शरीर माझे आहे.

पाचवा खर्चाचा. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. ठरावीक रकमेत काय काय धरले आहे, सिझर झाले तर किती, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागले तर त्याचे बिल वेगळे का, हे आधी विचारावे. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याची तरतूद महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी झालेली आहे. तपशीलवार बिल मागणे हा आपला हक्क आहे. २०२५ साली पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेचा प्रश्न राज्यभर गाजला, तो आपण सर्वांनी वाचला आहे. पैशाची गोष्ट किती जिवावरची असू शकते, हे त्यावरून कळावे.

प्रश्न विचारले म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवला, असे कोणी समजू नये. चांगल्या डॉक्टरांना विचारलेले आवडते. ज्यांना प्रश्नांचा राग येतो, तेथे जावे की नाही, हे सातव्या महिन्यात ठरवता येते, कळा सुरू झाल्यावर येत नाही. मात्र एक भेद लक्षात ठेवा. रक्त जाऊ लागले, झटके आले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाची हालचाल मंदावली किंवा पाणी गेले, तर प्रश्नांचा कागद बाजूला ठेवून तत्काळ निघावे. अशा वेळी १०८ ला फोन करावा.

ज्यांना खासगीचा खर्च झेपत नाही, त्यांनी कर्ज काढून तेथे जावे असे मला वाटत नाही. भोरचे उपजिल्हा रुग्णालय आपल्या जवळ आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून चालू आहे. त्यात सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, सिझरसुद्धा, मोफत आहे. औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि घरी पोचवणारे वाहनही त्यात येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. खासगीत नाव घातलेल्या बाईनेही त्या दिवशी जावे, कोणी अडवत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत कळते आणि सरकारी दवाखाना पायाखालचा होतो. हेच पाच प्रश्न तेथेही विचारावेत. मोफत आहे म्हणून गप्प बसायचे, असे काही नाही.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. गावातल्या प्रत्येक पहिलटकरणीमागे मंडळाने दोघी जणी नेमाव्यात. एकीने ९ तारखेच्या तपासणीला तिच्याबरोबर जावे, दुसरीने बाळंतपणाच्या वेळी सोबतीला यायची तयारी ठेवावी. आपल्या आशाताईंची यात मदत होईल. मंडळाने एक वही ठेवावी. कोणत्या दवाखान्यात या पाच प्रश्नांना काय उत्तरे मिळाली, ते प्रत्येकीने त्यात लिहावे, म्हणजे पुढच्या मुलीला अंधारात चाचपडावे लागणार नाही. डोहाळजेवणाच्या ओटीत खण-नारळाबरोबर या पाच प्रश्नांचा कागदही घालावा. त्याला खर्च काहीच नाही.

वही मी आणलेली आहे. माझ्या दवाखान्याची उत्तरे पहिल्या पानावर लिहिली आहेत, पुढची पाने तुमच्यासाठी कोरी आहेत.