दुसरं दार



गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागतं. जुन्या नाशिकमध्ये, वडाळ्यात, सातपूरला कुणालाही विचारा, ओळखीत तिथला एखादा विद्यार्थी निघतोच. पण हे विद्यापीठ का निघालं, ते आपण फारसं बोलत नाही.

दार बंद असणं म्हणजे काय, हे नाशिकला शिकवावं लागत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तो याच शहरात. त्याच बाबासाहेबांच्या संस्थेने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि सकाळचे वर्ग ठेवले, कारण विद्यार्थ्यांना दिवसभर नोकरी होती. ज्याला शिकायचंय त्याची वेळ बघून कॉलेज चालवायचं, हा विचार आपल्याकडे जुना आहे. अमेरिकेत हेच काम कम्युनिटी कॉलेजांनी केलं, ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने.

नाशिकचं मुक्त विद्यापीठ जुलै १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याने सुरू झालं. देशातलं ते पाचवं. पहिले कुलगुरू राम ताकवले हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. ब्रीद ठरलं 'ज्ञानगंगा घरोघरी'. रचना साधी होती. नव्या इमारती बांधत बसायचं नाही. गावोगावच्या शाळा-कॉलेजांतच अभ्यासकेंद्रं काढायची, सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं घ्यायची आणि पुस्तकं अशी लिहायची की एकट्याने वाचून समजतील, तीही मराठीत. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रम होता. शाळा सुटलेल्या माणसाला पदवीपर्यंत जायला त्यामुळे वाट मिळाली.

मी काही वर्षं एका अभ्यासकेंद्रावर रविवारी शिकवलं. एकाच बाकावर अंबडच्या कारखान्यातला ऑपरेटर, पोलीस शिपाई, भाजीचा गाळा चालवणारी बाई आणि चाळिशीतल्या एक खाला बसायच्या. खालांची मुलगी नववीत होती. दोघी मायलेकी रात्री एकाच दिव्याखाली अभ्यास करायच्या. तिथे कुणी कुणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. विचारलं ते एवढंच, की 'स्वाध्याय लिहून झाले का?'

आता आपल्या घरातलं बोलू. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितलं, की वीस वर्षांवरच्या लोकांमध्ये पदवी किंवा पदविका असलेले देशात सुमारे ७ टक्के, मुसलमानांत ४ टक्क्यांहूनही कमी. आकडा जुना आहे. पण दहावीनंतर गॅरेजला लागलेला मुलगा आणि घरी बसलेली मुलगी आजही आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे. मुक्त विद्यापीठ त्यांच्यासाठीच आहे. तरी दोन गोष्टी आड येतात.

पहिली, लाज. 'बाहेरून केलंय' असं आपण खालच्या आवाजात सांगतो. अरे, दिवसभर वेल्डिंग करून रात्री अर्थशास्त्र वाचणाऱ्याने मान खाली का घालायची? ती पदवी दुप्पट मेहनतीची आहे.

दुसरी गोष्ट बोचेल, पण बोलतो. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास होते. कॉलेज रिक्षाने वीस मिनिटांवर असतं. अब्बा म्हणतात, 'रोज जायची काय गरज? मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भर, घरी बसून शिक.' ऐकायला हे पुरोगामी वाटतं. पण ज्यांना पहिलं दार बंद झालं, त्यांच्यासाठी हे दुसरं दार उघडलं होतं. पहिलं दार उघडं असताना मुलीला तिकडून फिरवायचं आणि दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, म्हणजे त्याच दाराची भिंत करणं झालं. घरोघरी ज्ञान न्यायचं ते माणसाने बाहेर पडावं म्हणून, घरातच राहावं म्हणून नाही. मैत्रिणींनो, रोज कॉलेजला जाता येत असेल तर तो हक्क सोडू नका. भावांनो, बहिणीसाठी अब्बांशी बोलायची जबाबदारी तुमचीही आहे.

विद्यापीठ फॉर्म देईल, पुस्तकं देईल. पण मध्येच पुस्तक मिटणाऱ्याला पुन्हा बसवणं, हे शेजारच्या माणसाचं काम. म्हणून एक मागणं. तुमच्या गल्लीत शिक्षण सुटलेली एक व्यक्ती शोधा. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा यंदाची माहितीपुस्तिका तिच्यासोबत बसून वाचा. फॉर्म भरायला मदत करा. पहिल्या संपर्क सत्राला केंद्राच्या फाटकापर्यंत सोबत जा. परीक्षेच्या महिन्यात तिची घरची दोन कामं उचला.

आमच्या त्या खाला निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आल्या होत्या. मी मुबारकबाद दिली, तर म्हणाल्या, 'सर, आता हिची शाळा सुटू देणार नाही.' आणि त्यांनी मुलीला पुढे केलं.