फोन काढून घेणे म्हणजे संरक्षण नव्हे
(वस्तीतील महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



मुलाने मोबाइलवर नको ते पाहिले की घरात पहिला प्रश्न येतो, "आई काय करत होती?" बाप काय पाहतो, हे कोणी विचारत नाही. अनेक घरांत फोन एकच, आणि तो बापाचा. मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात आलेले व्हिडिओ त्यातूनच मुलांपुढे येतात. तेव्हा शिस्तीची सुरुवात पुरुषांपासून व्हायला हवी.

शिक्षेतही भेद आहेच. मुलाला ताकीद मिळते. मुलीचा फोन जातो, कधी शाळा सुटते, लग्नाची घाई होते. मग कोणी तिला घाणेरडे फोटो पाठवले, धमकावले, तर ती घरी सांगेल का? तिच्या गप्प बसण्यावरच त्या माणसाची हिंमत वाढते.

लहानांसाठी यूट्यूब किड्स वापरा, फॅमिली लिंकने कोणती ॲप चालतील ते ठरवा. पण असे कुलूप एका फोनला लागते, शेजारच्या फोनला नाही. म्हणून बोलणे टाळून चालणार नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. आजही शरीराबद्दल सरळ माहिती द्यायला आपण कचरतो. मग मुले ती बाजारू चित्रांतून घेतात, आणि तिथे बाईच्या संमतीला जागाच नसते.

कायदाही माहीत हवा. लैंगिक हेतूने मुलाला अश्लील चित्रे दाखवणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब घरीही घेता येतो आणि तो घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, असे कायदाच सांगतो. मुलांची लैंगिक चित्रे फोनमध्ये बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. म्हणून असे काही आले तर पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पुढे पाठवू नका. नंबर आणि तारीख लिहून ठेवा, लगेच पोलिसांना दाखवा. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

पुढची बैठक बापांना बोलावून घेऊ या. आणि आजच घरी मुलीला एवढे सांगा: "काहीही घडले तरी मला सांग. तुझा फोन मी काढून घेणार नाही."