वेताळाचा प्रश्न

आमच्या घरी अण्णांचा एक दंडक होता. परीक्षा जवळ आली, की 'चांदोबा' बंद. मग मी तो शेजाऱ्यांच्या जिन्याखाली बसून वाचायचो. अण्णा हिशेबनीस होते. "जे घडतच नाही ते वाचून काय मिळतं रे?" हा त्यांचा सवाल. खरं सांगायचं तर पुढची तीस वर्षं मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

श्रोतेहो, मराठी 'चांदोबा' १९५२ साली सुरू झाला. आज तो निघत नाही. पण शंकर या चित्रकाराचं ते चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि स्मशानातून चाललेला विक्रम. वेताळपंचविशीच्या मूळ गोष्टी पंचवीसच. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'तही त्या आहेत. 'चांदोबा'नं पुढे नव्या रचून शेकडो छापल्या. आम्हा पोरांना जुनं-नवं कुठलं कळायला!

मला ओढ होती ती चमत्काराची, असंच मी समजत होतो. पण चमत्कार काय, प्रेत बोलतं एवढाच. तो एकदा मान्य केला, की पुढे सगळा कडक कारभार. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मौन मोडलं, वेताळ पुन्हा झाडावर. राजाला सुटका नाही. अण्णांच्या खतावणीतही याहून काटेकोर नियम नसतील. आणि प्रश्न तरी कसले? दोष कोणाचा, हक्क कोणाचा, मोठं मन कोणाचं. हे तर आमच्या वाड्यात रोज नळावर चालायचं.

अद्भुतकथा म्हणजे पळवाट, असं म्हणतात. टॉल्किन यांनी १९३९ सालच्या एका व्याख्यानात याचा समाचार घेतला होता. कैद्यानं तुरुंगातून सुटू पाहणं वेगळं आणि शिपायानं रणातून पळ काढणं वेगळं, असा त्यांचा मुद्दा. मला तो पटला. अण्णांना पटला नसता.

पुढे अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजत मात्र सगळं होतं. संध्याकाळी मी पेपर वाचून दाखवायचो, तर ते मान फिरवायचे. एके दिवशी काही सुचेना, म्हणून वेताळपंचविशी काढली.

गोष्ट निघाली ती डोक्यांच्या अदलाबदलीची. गिरीश कार्नाडांच्या 'हयवदन' नाटकामागे हीच कथा आहे. देवीच्या देवळात नवरा आणि भाऊ दोघंही आपापलं शिर उतरवतात. देवी प्रसन्न होते, शिरं जोडायला सांगते आणि घाईत त्या बाईकडून नवऱ्याचं शिर भावाच्या धडाला लागतं. आता तिचा नवरा कोणता?

मी थांबलो. अण्णांनी डावा हात हळूहळू उचलून कपाळाला लावला. राजाचं उत्तरही तेच आहे: सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ, म्हणून ज्याला नवऱ्याचं शिर तोच नवरा. मी ते वाचून दाखवलं. अण्णा बराच वेळ पांघरुणावर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी ठामपणे नकारार्थी मान हलवली.

मला काय बोलावं ते कळेना. त्यांनीच डाव्या हातानं पुस्तकाकडे खूण केली, पान उलट म्हणून.