रोग येण्याआधी झाडाला जागे करा



आज सात रस्त्याला आपण सारे बागवाले जमलो आहोत. पावसात डाळिंबावर काळे ठिपके पडतात. थंडीत द्राक्षावर भुरी येते. हे रोग बुरशीचे.

बुरशीच्या अंगात कायटिन नावाचे द्रव्य असते. खेकड्याच्या, कोळंबीच्या कवचातही तेच असते. त्या कवचापासून कायटोसान तयार करतात. ते पानावर फवारले की झाडाला वाटते, बुरशी आली! मग झाड सावध होते. आपल्या अंगातल्या भिंती जाड करते, बुरशीला मारक असे रस तयार करते. चोर आल्याची हाळी ऐकली की आपण दाराला कडी घालतो ना, तसेच हे.

पण हाळी चोरीच्या आधी हवी. फळ डागल्यावर फवारले तर पैसे पाण्यात गेले म्हणा. रोग दिसण्याआधीच फवारा. रोग फार असेल तर बुरशीनाशक लागतेच. आणि डागी फळे वेचून पुरायची, ते काम काही बाटलीत मिळत नाही!

औषध किती, पाणी किती? आपल्या सोलापूरलाच, केगावला, २००५ सालापासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. डाळिंबवाल्यांनी तिथे विचारावे. जाताना रोगट पान अन् फळ पिशवीत घालून न्या.